घाणीचे चाक आणि तटाचे आयुष्य

१/
तिकोना चढताना वाटेलगत एक वर्तुळाकार दगडी चर लागतो आणि त्यात एक जड दगडी चाक. येणारे-जाणारे तेथे छायाचित्र काढतात, कोणी चाकावर बसून पाणी पितो आणि पुढे बालेकिल्ल्याकडे निघून जातो. लोहगडावर, वासोट्यावर आणि सह्याद्रीतील इतर अनेक गडांवर अशाच रचनेचे अवशेष आढळतात. ही चुन्याची घाणी. तट, बुरूज, दरवाजे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या चुन्याने त्यांचे दगड एकमेकांना धरून राहिले, तो कशात आणि कसा कालवला गेला, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. बांधकामाचे साहित्य एकजीव करण्यासाठी माणसाने कोणती साधने निवडली आणि ती का निवडली, त्याविषयी हा धागा.

२/
सुरुवात भाषेपासून करता येते. मराठीत कणीक मळतात, ताक घुसळतात, चटणी वाटतात, औषध खलतात, सरबत ढवळतात आणि भात कालवतात. नुसते ‘मिसळणे’ पुरेसे असते, तर इतकी क्रियापदे टिकली नसती. प्रत्येकामागे एक साधन उभे आहे: परात, रवी, पाटा-वरवंटा, खल, पळी, हाताची बोटे. ही साधने पदार्थाशी वेगवेगळे वागतात. ढवळल्याने कण केवळ जागा बदलतात. मळल्याने थरावर थर दाबला जाऊन घसरतो. वाटल्याने कणच फुटतो. स्वयंपाकघरात हा भेद कोणी समजावून सांगावा लागत नाही. बांधकामात मात्र तो विसरला, तर चूक उघडकीस यायला कधी एक पावसाळा लागतो, कधी पन्नास वर्षे.

३/
घाणीची गरज समजण्यासाठी आधी चुन्याचा स्वभाव पाहावा लागतो. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो उकळल्यासारखा फसफसतो, वाफा सोडतो आणि फुलून विरतो. हा विरलेला चुना वाळूत कालवून दगडांमध्ये भरला की तो हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो. म्हणजे भट्टीत जे गमावले, तेच तो भिंतीत पुन्हा मिळवतो आणि पुन्हा दगड होतो. ही क्रिया पृष्ठभागाकडून आत सरकते. जाड तटाच्या पोटात तिला वर्षानुवर्षे लागतात.

४/
अडचण येथेच सुरू होते. भट्टीतून निघालेला प्रत्येक खडा सारखा भाजलेला नसतो. काही खडे कच्चे राहतात, काही अति भाजले जातात. अति भाजलेला खडा पाण्याला लवकर दाद देत नाही. तो तसाच गिलाव्यात गेला, तर काही महिन्यांनी आतल्या आत विरतो, फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवून देतो. दुसरी अडचण वाळूची. वाळूच्या प्रत्येक कणाभोवती चुन्याचे पातळ आवरण बसले पाहिजे. जास्त पाणी ओतले की ते सहज बसते, पण ते पाणी सुकल्यावर मागे पोकळ्या आणि भेगा ठेवते. तेव्हा कसोटी अशी: खडे फुटले पाहिजेत, वाळू माखली पाहिजे आणि पाणी कमीत कमी लागले पाहिजे.

५/
फावड्याने उलटसुलट करून हे तिन्ही साधत नाही. फावडे मिश्रण हलवते, पण खडा फोडत नाही, आणि घट्ट मिश्रण त्याला आवरत नाही. मग गवंडी सवयीने आणखी पाणी ओततो. घाणीची रचना नेमकी यावरचा उपाय आहे. जमिनीत घडीव दगडांचा गोल चर, त्याच्या मध्यभागी रोवलेला खुंटा, चरात उभे चाक, चाकाच्या मधल्या छिद्रातून आरपार गेलेला लाकडी दांडा. दांड्याचे एक टोक खुंट्याला अडकवलेले, दुसऱ्या टोकाला बैल. बैल फिरला की चाक चरातून गोल गोल फिरते. चरात चुना आणि वाळू. वरून पाणी शिंपडायचे ते गरजेपुरतेच.

६/
चाक किती जड असावे? थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक मीटर व्यासाचे आणि ३० सेंटीमीटर जाडीचे बेसॉल्टचे चाक धरू. बेसॉल्टची घनता पाण्याच्या सुमारे २.९ पट मानली, तर त्याचे वजन पावणेसातशे किलोच्या आसपास भरते. हा सगळा भार एका अरुंद पट्टीवर टेकलेला असतो. त्याखालून जाणारा अर्धाकच्चा किंवा अति भाजलेला खडा पहिल्या फेरीत चुकला, तरी पुढच्या फेऱ्यांत सापडतोच. माणसाच्या मनगटातून असा दाब तासन् तास निघणे शक्य नाही. म्हणून चाक दगडाचे, आणि तेही सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे.

७/
पण केवळ दाब एवढेच या चाकाचे काम नाही. सरळ रस्त्यावर चालणारे चाक निव्वळ लोळत जाते. वर्तुळात फिरणाऱ्या चाकाची गोष्ट वेगळी. त्याच्या बाहेरच्या कडेला आतल्या कडेपेक्षा जास्त अंतर कापावे लागते. चाक ३० सेंटीमीटर जाड असेल, तर प्रत्येक फेरीत हा फरक सुमारे १ मीटर ८८ सेंटीमीटर येतो. चर मोठा असो वा लहान, हा आकडा बदलत नाही. चाक मात्र अखंड दगडाचे. त्याच्या दोन्ही कडांना सारखेच फिरावे लागते. त्यामुळे ते लोळता लोळता थोडे घसरते. त्या घसरण्याने चुना वाळूच्या कणांवर चोळला जातो. एकाच साधनाने दाबणे आणि घोटणे अशी दोन कामे होतात.

८/
‘घाण्याचा बैल’ हा वाक्प्रचार निष्फळ, कंटाळवाण्या राबण्यासाठी वापरला जातो. त्या वाक्प्रचारातला घाणा तेल्याचा. तेलघाणा आणि चुन्याची घाणी यांचे नाव, बैल आणि वर्तुळ सारखे असले, तरी यंत्रे निरनिराळी आहेत. तेलघाण्यात उखळासारख्या पोटात तिरपी लाट फिरते आणि बियांतून तेल वेगळे काढते. चुन्याच्या घाणीत चाक चरातून धावते आणि वेगळे असलेले एकत्र आणते. एक साधन विभक्त करण्यासाठी, दुसरे एकजीव करण्यासाठी. नाव उसने घेताना कारागिरांनी यंत्र जसेच्या तसे उचलले नाही, कामाप्रमाणे बदलले. साधन निवडण्याचा पहिला धडा यातच आहे.

९/
आता प्रश्न असा की ही घाणी गडाच्या माथ्यावर का? सह्याद्रीचा खडक बेसॉल्टचा. तो भाजून चुना मिळत नाही. चुनखडीचे खडे खालच्या काळ्या मातीतून, ओढ्या-नद्यांच्या काठांवरून वेचावे लागत. कोकण किनाऱ्यावर शिंपले भाजूनही चुना केला जाई. चुना आणि कोळसा भाजण्याचा व्यवसाय लोणारी समाजाचा. म्हणजे गडावरच्या भिंतीत तीन भूमी एकत्र येतात: दगड गडाचा, चुना पायथ्यापलीकडचा, वाळू नदीची. त्यांतील दगड जागेवर मिळे. बाकीचे साहित्य चढणीने वर न्यावे लागे, आणि जे वर न्यायचे त्याचे वजन हा मोठाच प्रश्न होता.

१०/
शुद्ध चुनखडी १०० भार घेतली, तर पूर्ण भाजल्यावर ५६ भार कळीचा चुना उरतो. ४४ भार वायू होऊन उडून जातो. म्हणून भाजणी खालीच उरकणे हिशेबाचे. कालवलेला ओला चुना वर नेणे तर सर्वांत महाग, कारण त्यात पाण्याचेही ओझे. कालवण्याचे काम वर, बांधकामाशेजारी ठेवले की हे ओझे वाचते. त्यासाठी माथ्यावर पाणी हवे. १८व्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे का ते पाहावे, असे बजावले आहे. ते पाणी पिण्यासाठी तर लागतेच, पण गड बांधला जात असताना त्याचा मोठा वाटा चुनाही पितो.

११/
काळ्या मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांत थोडी चिकणमाती असते. वरवर पाहता ही भेसळ. पण भट्टीत हीच माती चुन्याशी संयोग पावते आणि ओलाव्यातही घट्ट होण्याचा गुण त्याला देते. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन यांनी एडिस्टोन दीपगृहासाठी (१७५६ ते १७५९) चुन्याचे प्रयोग केले, तेव्हा त्यांच्याही हे ध्यानात आले: पाण्यात टिकणारा चुना मातीमिश्रित चुनखडीपासून मिळतो. शुद्ध पांढरा चुना दिसायला उजळ, पण समुद्राच्या माऱ्यापुढे दुबळा. भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, घालण्यामागेही हेच तत्त्व आहे. मात्र सुरखीचा कण जितका बारीक, तितकी ही क्रिया चांगली. तेव्हा पुन्हा चाकाची गरज लागतेच.

१२/
चुन्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर, उडदाचे पीठ यांसारखे पदार्थ घालण्याची परंपरा भारतात सर्वदूर आहे. कोणता पदार्थ किती, हे प्रदेशाप्रमाणे बदलते. यांतील काहींसाठी चाक नको, चूल हवी. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाची कृती दिली आहे. त्यात कच्ची कवठे, सावरीची फुले यांसारखी द्रव्ये एक द्रोण पाण्यात घालून अष्टमांश उरेपर्यंत आटवायची आणि मग त्यात राळेसारखे चिकट पदार्थ घालायचे. येथे साधन म्हणजे कढई आणि मंद अग्नी. ज्या पदार्थाचा अर्क हवा, त्याला वाटून भागत नाही, त्याला उकळावे लागते. कारागिराच्या दृष्टीने आचसुद्धा एक अवजारच.

१३/
सह्याद्रीत कालवण्याचे साधन उरले. रोममध्ये साधनाविषयीचे लिखाण उरले. लॅटिनमध्ये ‘मॉर्टेरियम’ म्हणजे खल किंवा मिश्रण कुटण्याचे पात्र. ज्या पात्रात चुना कालवला जाई, त्याच पात्राचे नाव पुढे त्यातल्या मिश्रणाला चिकटले आणि त्यातून इंग्रजीतला ‘मॉर्टर’ हा शब्द आला. आज बांधकामाच्या जागी जो शब्द सर्रास ऐकू येतो, तो मुळात साधनाचा आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याच्या दहा भागांच्या ग्रंथात ग्रीक गिलावा कारागिरांची रीत नोंदलेली आहे: पात्रात चुना आणि वाळू टाकायची, माणसांची एक तुकडी उभी करायची आणि सर्वांनी मिळून लाकडी दांडक्यांनी ती कुटायची.

१४/
मिश्रण तयार झाले हे ओळखायचे कसे? व्हिट्रुव्हियसने त्यासाठीही एक परीक्षा सांगितली आहे. विरलेल्या चुन्यात वाकस घालून तो चुना कापल्यासारखा करायचा. पात्याला खडे लागले, तर चुना अजून नीट विरलेला नाही. पाते कोरडे आणि स्वच्छ बाहेर आले, तर चुना निःसत्त्व आहे. पात्याला तो सरसासारखा चिकटून आला, तर काम झाले. प्रयोगशाळा नाही, मोजपट्टी नाही. हातातले अवजारच परीक्षक आहे. कोणत्याही साधनाचा उपयोग शेवटी या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो: थांबायचे केव्हा? गडावरच्या घाणीवर राबणाऱ्या माणसालाही हे बोटांनीच कळत असणार.

१५/
रोमन लेखक प्लिनी याने आणखी एका साधनाची नोंद केली आहे, ती म्हणजे काळ. बांधकामाच्या जुन्या नियमांनुसार ठेकेदाराने तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना वापरू नये, असे बंधन होते, असे तो सांगतो. पाण्याखाली मुरत ठेवलेल्या चुन्यात उशिरा विरणारे खडेही सावकाश विरतात आणि त्याचे कण अधिक बारीक, अधिक लोण्यासारखे होतात. थोडक्यात, चाक जे दाबून करते, त्याचा काही भाग वेळ आपोआप करतो. पण युद्धकाळात तट बांधणाऱ्याजवळ तीन वर्षे नसतात. सिंधुदुर्गाचे काम १६६४ मध्ये सुरू झाले आणि सुमारे तीन वर्षांत तो जलदुर्ग उभा राहिला. जेथे वेळ कमी, तेथे श्रम आणि दाब वाढवावा लागतो.

१६/
येथपर्यंत वाचून असे वाटेल की मिश्रण जितके एकजीव तितके चांगले. रोमनांच्याच भिंती या समजुतीला धक्का देतात. रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसतात. दीर्घकाळ त्यांचे कारण निष्काळजी कालवणी असे मानले जाई. २०२३ मध्ये सायन्स ॲडव्हान्सेस या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने प्रिव्हर्नम येथील नमुने तपासून वेगळे मत मांडले: कळीचा चुना थेट मिश्रणात घालून गरम अवस्थेतच ते कालवले जात असावे. भेग पडून पाणी आत शिरले की हे खडे विरघळतात आणि भेग चुन्याने भरून काढतात. प्रयोगशाळेत अशा मिश्रणाच्या भेगा दोन आठवड्यांत बुजल्या.

१७/
मग खडे चांगले की वाईट? उत्तर भिंतीच्या जाडीत आहे. मीटरभर जाड काँक्रीटच्या पोटात राहिलेला खडा पुढच्या भेगेसाठी राखीव साठा ठरतो. तोच खडा बोटभर जाडीच्या गिलाव्यात राहिला, तर पापुद्रा उडवतो. हौदाच्या आतल्या लेपात राहिला, तर गळतीला वाट देतो. म्हणून ‘सर्वोत्तम साधन’ असे स्वतंत्रपणे काही नसते. साधन निवडण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: काय फोडायचे, काय जोडायचे आणि काय अखंड ठेवायचे. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. तिचे उत्तम उदाहरण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील लेण्यांत सापडते.

१८/
अजिंठा आणि वेरूळ येथील चित्रांखाली मातीचा गिलावा आहे. त्यात वनस्पतींचे तंतू आणि तूस आढळतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू ओळखले गेले आणि त्यांनी किडीपासून संरक्षण दिले असावे, असे मत मांडले गेले. माती सुकताना आकसते. लांब तंतू तिला भेगाळू देत नाहीत. असे मिश्रण जड चाकाखाली घातले, तर तंतूंचा भुगा होईल आणि ते घालण्याचा हेतूच संपेल. म्हणून तंतुमिश्रित मातीसाठी खेड्यापाड्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेले साधन म्हणजे माणसाचे पाय. चिखल तुडवताना माती दबते, तंतू मात्र अखंड राहतात.

१९/
गिलाव्यावरच्या रंगांना तिसराच नियम लागू होतो. अजिंठ्यात गेरू, पिवळी माती, काजळी अशी स्थानिक द्रव्ये आहेत आणि पाचव्या शतकातील चित्रांत लाजवर्दाचा निळा रंगही आहे. लाजवर्द अफगाणिस्तानच्या डोंगरांतून येणारा मौल्यवान दगड. गेरू दगडावर बारीक वाटला, की तो अधिक सफाईने पसरतो. लाजवर्दाचे तसे नाही. त्याचा कण प्रमाणाबाहेर बारीक झाला की निळाई फिकी पडते आणि करडी दिसू लागते. त्याचा रंग कणाच्या आकारावर अवलंबून असतो. म्हणजे ज्या पाट्यावर आणि वरवंट्याने गेरू सुधारतो, त्याच पाट्यावर थोडा जास्त वेळ राहिला तर सर्वांत महाग रंग वाया जातो.

२०/
इसवी सन १४०० च्या सुमाराचा इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने आपल्या हस्तपुस्तिकेत हा भेद स्पष्ट नोंदवला आहे. हिंगुळ वीस वर्षे रोज वाटला तरी तो अधिकच चांगला होईल, असे तो म्हणतो. ॲझुराइट या निळ्या खनिजाला मात्र हलक्या हाताने वाटायला सांगतो. लाजवर्दाची पूड तर राळ, मेण आणि तेल यांच्या गोळ्यात मिसळून क्षारयुक्त पाण्यात दोन काठ्यांनी मळायची. निळे कण पाण्यात उतरतात, अशुद्ध द्रव्ये गोळ्यात राहतात. एकच चित्रकार, एकच कार्यशाळा, पण तीन रंगांसाठी तीन रीती. कोणाला दगड, कोणाला हलका हात, कोणाला काठ्या.

२१/
मग घाणी थांबली का? १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन या इंग्लिश गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात १९०४ मध्ये मद्रासला सिमेंटनिर्मितीचा प्रयत्न झाला आणि १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून उत्पादन सुरू झाले. सिमेंट बांधकामाच्या जागी पोहोचते तेव्हा त्याची पूड आधीच झालेली असते. कारखान्यात भाजलेले खडे पोलादी गोळ्यांनी भरलेल्या फिरत्या नळकांड्यात दळले जातात. म्हणजे दळण्याची गरज संपली नाही, ती गडाच्या माथ्यावरून कारखान्यात गेली. बैलाची जागा विजेने घेतली, चाकाची जागा गोळ्यांनी. बांधकामाच्या जागी उरले ते फक्त एकत्र करण्याचे काम.

२२/
त्या कामासाठी फिरते पिंप योग्य ठरले. नेहमीच्या सिमेंटने घट्ट होण्यास ३० मिनिटांच्या आत सुरुवात करू नये, असे भारतीय मानक सांगते. त्यानंतर मात्र घाई असते. खडी पिंपात वर जाऊन खाली कोसळते आणि सिमेंट-वाळू घुसळून काढते. खडीच येथे मिश्रण करणारे साधन बनते. ती फुटता कामा नये, म्हणून चाक नको. आजच्या विजेवर चालणाऱ्या हातयंत्रांतही हाच विवेक दिसतो. जाड मिश्रणासाठी तळातून वर उचलणारे पाते, पातळ रंगासाठी वरून खाली ढकलणारे. रंगाला वेगाने घुसळले की त्यात हवा शिरते आणि भिंतीवर बुडबुड्यांचे डाग उमटतात.

२३/
खरी हानी होते ती साधने आणि साहित्य यांची अदलाबदल झाली की. चुना आणि वाळू काँक्रीटच्या पिंपात टाकले, तर खडीच्या अभावी चिकट चुन्याचे गोळे बनतात. ते फुटावेत म्हणून पाणी वाढवले जाते आणि चुना दुबळा होतो. मग ‘चुना टिकत नाही’ असा निष्कर्ष काढून जुन्या भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरले जाते. सिमेंट जुन्या चुन्यापेक्षा कठीण आणि कमी सच्छिद्र. भिंतीतील ओल सांध्यातून बाहेर पडेनाशी होते आणि दगडातून वाट काढते. कोकणातील जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडात क्षार साचून कडा झडू लागतात. सांधा शाबूत राहतो, दगड झिजतो. दोष चुन्याचा नसतो, तो चुकीच्या साधनात कालवल्याचा असतो.

२४/
जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारताची मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत, बारावा तामिळनाडूतील जिंजी. लोहगड त्या यादीत आहे, सिंधुदुर्गही आहे. तिकोना आणि वासोटा नाहीत. मानांकनाबरोबर दुरुस्तीची जबाबदारी येते आणि दुरुस्तीबरोबर साधनाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. आज बैल आणि दगडी चाकच हवे असे नाही. फिरत्या पात्रात जड चाके चालवणारी विजेची यंत्रे चुन्यासाठी उपलब्ध आहेत. तत्त्व घाणीचेच आहे: दाबणे आणि घोटणे. ते तत्त्व निविदेत लिहिले गेले नाही, तर फावडे आणि पिंप त्याची जागा घेतात.

२५/
रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराजवळ हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेली पायरी आहे. ज्याने गड उभा केला, त्याची ती नम्र ओळख. घाणीमागे चालत चरातला चुना पुन्हा पुन्हा चाकाखाली लोटणाऱ्या माणसांची अशी पायरी कोठेच नाही. त्यांची नोंद म्हणजे चराच्या दगडांवर चाकाने पाडलेली झीज. म्हणून चाकावर नाव कोरणे, ते ढकलून कडेला लोटणे किंवा चरात चूल मांडणे म्हणजे त्या माणसांची एकमेव नोंद पुसणे होय. पुढच्या वेळी गडावर घाणी दिसली, तर चराची झीज आधी पाहावी, मग शेजारचे पाण्याचे टाके शोधावे आणि शेवटी तटाच्या सांध्यातला चुना न खरवडता न्याहाळावा. तिन्ही गोष्टी एकाच कामाच्या आहेत.